एमआरआय नॉर्मल, तरी निदान ऑटिझमचे : असे कसे?

प्रश्न वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारात राहणाऱ्या एका आजोबांचा आहे. नातू सव्वातीन वर्षांचा आहे. हाक मारली तर वळून पाहत नाही, हवे ते बोटाने दाखवत नाही, खेळण्यातली गाडी उलटी करून तिचे चाक फिरवत बसतो. बालविकासतज्ज्ञांनी ऑटिझमचे, म्हणजे स्वमग्नतेचे, निदान केले. घरच्यांच्या आग्रहावरून मेंदूचा एमआरआय झाला आणि त्याचा रिपोर्ट नॉर्मल आला. त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या पुतण्याने एक लेख पाठवला, त्यात ऑटिझम असलेल्यांच्या मेंदूची रचना वेगळी असते असे संशोधनाचा हवाला देऊन म्हटले होते. आजोबांचे म्हणणे असे की या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत; एक तर निदान चुकले, नाही तर मशीन कमी ताकदीचे होते. मुंबईला जाऊन ३ टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या, मशीनवर पुन्हा एमआरआय करावा का, आणि तोवर स्पीच थेरपी थांबवावी का, असे त्यांनी विचारले आहे.

काका, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या खुशाल एकत्र नांदतात. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून निदान खोटे ठरत नाही, निदान खरे आहे म्हणून रिपोर्ट चुकीचा ठरत नाही, आणि पुतण्याने पाठवलेल्या लेखातही बहुधा खोटे काही नसावे. थेरपी एक दिवसही थांबवू नका आणि मुंबईची तिकिटे काढू नका. असे का म्हणते ते जरा विस्ताराने सांगावे लागेल, कारण हा गोंधळ तुमच्या एकट्याचा नाही. वडोदऱ्यात मी गेली सव्वीस वर्षे मेंदूचे एमआरआय वाचत आले आहे, आणि ‘रिपोर्टमध्ये काही नाही, म्हणजे मुलाला काही नाही’ हे वाक्य मी मराठीत आणि गुजरातीत इतक्या वेळा ऐकले आहे की आता पालक तोंड उघडण्याआधीच मला ते ऐकू येते.

आधी नॉर्मल या शब्दाचा अर्थ पाहू. तुमच्या नातवासारख्या मुलाची फिल्म समोर आली की मी प्रथम मध्यरेषेचा छेद पाहते. त्यात दोन्ही गोलार्धांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम पूर्ण आहे का, आणि खाली लहान मेंदूचा मधला भाग नीट तयार झाला आहे का, हे दिसते. मग मेंदूतल्या पोकळ्या पाहते. जन्माच्या वेळी बाळाला ऑक्सिजन कमी पडला असेल तर त्या पोकळ्यांच्या कडेला पांढऱ्या द्रव्यात अनेकदा खूण राहते. मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण वयाच्या मानाने आले आहे का, कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, घड्या जागच्या जागी आहेत का, कुठे गाठ, जुना रक्तस्राव किंवा संसर्गाचा डाग आहे का, हे क्रमाने तपासते. हे सगळे मी डोळ्यांनी पाहते. कॉर्टेक्सची जाडी मी मोजत नाही, अमिग्डाला या भावनांशी संबंधित केंद्राचे आकारमान काढत नाही, आणि रोजच्या कामात कोणताही रेडिओलॉजिस्ट ते करत नाही. रिपोर्टमधल्या ‘नॉर्मल’चा अर्थ इतकाच की वर सांगितलेल्यांपैकी काही आढळले नाही. मूल बोलेल कधी, नजरेला नजर कधी देईल, यांबद्दल त्या शब्दात काहीही सांगितलेले नसते.

आता संशोधनाकडे. ऑटिझमचे पहिले सविस्तर वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये केले. त्यांच्या ११ मुलांपैकी ५ जणांची डोकी तुलनेने मोठी असल्याची नोंद त्यांनी त्याच लेखात करून ठेवली होती, पण मेंदूच्या रचनेचा विचार पुढे कित्येक वर्षे मागेच पडला. एमआरआय आल्यावर तो पुन्हा वर आला. १९८८ मध्ये एरिक कूर्शेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ जणांचे एमआरआय पाहून लहान मेंदूच्या मधल्या भागातले सहावे आणि सातवे खंड ऑटिझममध्ये लहान असतात असे मांडले. तो निष्कर्ष खूप गाजला. पुढे इतरांनी मोजले तेव्हा मात्र तो प्रत्येक ठिकाणी टिकला नाही, आणि बुद्ध्यंकातला फरक हिशेबात घेतल्यावर बराचसा विरघळला. या क्षेत्राचा पुढचा इतिहास बराचसा असाच आहे : लहान गटात ठळक दिसलेला फरक, आणि गट मोठा होत गेला तसा तो बारीक होत जाणे.

त्यातल्या त्यात टिकून राहिलेली गोष्ट म्हणजे सुरुवातीच्या वर्षांतली वाढ. कूर्शेन यांच्याच गटाने २००३ मध्ये ४८ मुलांच्या डोक्याच्या घेराच्या जुन्या नोंदी काढल्या. जन्माच्या वेळी या मुलांचा सरासरी घेर २५व्या शतमकावर होता, म्हणजे १०० बाळांत सुमारे ७५ बाळांचे डोके त्याहून मोठे, आणि ६ ते १४ महिन्यांच्या दरम्यान तोच घेर ८४व्या शतमकावर पोहोचला होता. यावरही नंतर एक रास्त आक्षेप आला, तो असा की तुलनेसाठी वापरलेले वाढीचे तक्तेच सदोष होते आणि त्यांच्यावर मोजली तर सर्वसाधारण बाळांची डोकीही पहिल्या वर्षात झपाट्याने मोठी झाल्यासारखी दिसतात. मग उरले काय? आज जे चित्र आहे त्यानुसार ऑटिझम असलेल्या मुलग्यांपैकी साधारण १५ टक्क्यांचा मेंदू त्यांच्या शरीराच्या मानाने खरोखर मोठा असतो. बाकीच्यांचा तसा नसतो. म्हणजे ‘ऑटिझममध्ये मेंदू मोठा असतो’ हे विधान बहुतेक मुलांच्या बाबतीत चुकीचे आहे आणि थोड्या मुलांच्या बाबतीत बरोबर आहे. दोन्हींची सरासरी काढली की किंचित मोठा मेंदू असलेला एक सरासरी मुलगा कागदावर तयार होतो, जो प्रत्यक्षात माझ्या टेबलवर क्वचितच येतो.

काका, सरासरीची ही अडचण समजली की तुमच्या प्रश्नाचा अर्धा गुंता सुटतो, म्हणून इथे जरा थांबते. आजवरच्या सर्वांत मोठ्या अभ्यासांपैकी एक २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने ४९ ठिकाणांहून ऑटिझम असलेल्या १,५७१ आणि नसलेल्या १,६५१ व्यक्तींचे एमआरआय एकत्र केले. वये २ पासून ६४ वर्षांपर्यंत. ऑटिझमच्या गटात अमिग्डाला, पुटामेन, पॅलिडम अशा खोलवरच्या काही केंद्रांचे आकारमान सरासरीने किंचित कमी, पुढच्या भागातला कॉर्टेक्स किंचित जाड आणि कानशिलाकडचा किंचित पातळ असे आढळले. हे फरक खरे आहेत, योगायोगाचे नाहीत. पण ते केवढे आहेत? संख्याशास्त्राच्या मापाने सगळ्यांत मोठा फरक एका प्रमाण विचलनाच्या, म्हणजे माणसामाणसांत एरवीही असणाऱ्या फरकाच्या मापाच्या, सुमारे एक पंचमांश होता.

हे माप घरगुती भाषेत असे. पोलो ग्राउंडवर आठ वर्षांची एक हजार मुले एका बाजूला आणि एक हजार दुसऱ्या बाजूला उभी केली, आणि एका बाजूची सरासरी उंची दुसऱ्या बाजूपेक्षा एक सेंटिमीटरने जास्त निघाली, तर तो फरक साधारण एवढाच असेल. दोन हजार मुले मोजली की तो निर्विवाद सिद्ध होतो. पण त्यांतला एक मुलगा हाताला धरून माझ्यापुढे आणलात आणि ‘हा कोणत्या बाजूचा?’ असे विचारलेत, तर त्याची उंची मोजून मला काहीही सांगता येणार नाही. दोन्ही गटांतला सुमारे ९२ टक्के भाग एकमेकांवर पडलेला असतो. दोन्ही बाजूंचा एकेक मुलगा उचलला तर उंच बाजूचा मुलगा खरोखर उंच निघण्याची शक्यता १०० मध्ये सुमारे ५६. नाणे उडवले तर ती ५० असते. कॉर्टेक्सच्या बाबतीत हाच फरक मिलिमीटरच्या तीन-चार शतांशांच्या आसपास येतो. मुळात कॉर्टेक्सची जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास, आणि ज्या बारीक घनांच्या रूपात एमआरआय मेंदू टिपतो त्या एकेका घनाची बाजू साधारण एक मिलिमीटर. संगणक हजारो बिंदूंची सरासरी काढून त्याहून सूक्ष्म फरक दाखवू शकतो, पण तुमच्या नातवाच्या फिल्ममध्ये तो कोणाच्याही डोळ्यांना दिसणार नाही. ३ टेस्लाने चित्र अधिक स्वच्छ येईल. ९२ टक्क्यांचे आच्छादन मात्र मशीनमुळे पडलेले नाही, ते माणसामाणसांतले आहे, आणि मशीनची ताकद वाढवून ते कमी होत नाही.

हेच २०१६ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासाने वेगळ्या वाटेने दाखवले. अबाइड या खुल्या संग्रहातल्या ऑटिझम असलेल्या ५३९ आणि नसलेल्या ५७३ व्यक्तींच्या मेंदूरचनेची मोजमापे संगणकाला देऊन, कोणाला ऑटिझम आहे ते ओळखायला लावले. अचूकता ६० टक्क्यांच्याही खाली राहिली. बालविकासतज्ज्ञाने मुलाबरोबर फरशीवर बसून तासभर खेळण्याला अजून पर्याय नाही, तो यामुळेच.

आणखी एक गोष्ट मी यंत्राच्या शेजारी उभी राहून रोज पाहते. एमआरआयला वीस ते तीस मिनिटे निश्चल पडून राहावे लागते आणि यंत्र आत ढोल बडवल्यासारखा आवाज करते. मागच्या उन्हाळ्यात चार वर्षांचा एक मुलगा झोपेचे सिरप घेऊन आईच्या खांद्यावर गाढ झोपला होता. टेबल आत सरकले, पहिला आवाज झाला आणि त्याने मान फिरवली. जागा झाला नाही, फक्त मान दोन-तीन वेळा हलली. पडद्यावर त्याच्या कवटीच्या कडेला पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा रेषा उमटल्या आणि कॉर्टेक्सची कड धूसर झाली. अशा चित्रावर संगणकाने जाडी मोजली तर ती खरी आहे त्यापेक्षा कमी येते. हे २०१५ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम डोके हलवायला लावून पद्धतशीरपणे दाखवले गेले. ऑटिझम असलेली मुले यंत्रात जास्त हलतात. मग ‘कॉर्टेक्स पातळ’ या निष्कर्षात मेंदू किती आणि मानेची हालचाल किती, हा प्रश्न जुन्या कित्येक अभ्यासांना विचारावा लागतो. चांगले संशोधक धूसर चित्रे वगळतात. पण त्यांबरोबर सर्वाधिक त्रास असलेली, न बोलणारी, बौद्धिक अक्षमताही असलेली मुले वगळली जातात, आणि उरतात ती सांगितल्यावर शांत पडून राहू शकणारी, बहुतांशी मुलगेच. ज्या मुलांबद्दल आपल्याला सर्वांत जास्त जाणून घ्यायचे आहे, तीच संशोधनात सर्वांत कमी आहेत.

पुतण्याच्या लेखात बहुधा २०१७ मधल्या ‘सहा महिन्यांच्या बाळात ऑटिझम ओळखता येतो’ या बातमीचाही उल्लेख असेल, कारण ती बातमी फार फिरली. तो अभ्यास उत्तम होता, म्हणूनच तो नीट वाचायला हवा. हीदर हॅझलेट आणि सहकाऱ्यांनी, ज्यांच्या मोठ्या भावंडाला ऑटिझम आहे अशा १०६ बाळांचे ६, १२ आणि २४ महिन्यांना एमआरआय केले. शिवाय असा धोका नसलेली ४२ बाळे तुलनेला होती. पुढे ज्यांना ऑटिझमचे निदान झाले त्यांच्या कॉर्टेक्सचा पृष्ठभाग ६ ते १२ महिन्यांत वेगाने पसरला होता आणि दुसऱ्या वर्षात मेंदूचे एकूण आकारमान वाढले होते. या मापांवरून संगणकाने निदानाचा जो अंदाज बांधला, त्यात ऑटिझम झालेल्या दर १०० बाळांतली ८८ बरोबर पकडली गेली, आणि न झालेल्या १०० पैकी फक्त ५ बाळांवर चुकीचा शिक्का बसला.

आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण ते ज्या घरी आधीच एका मुलाला ऑटिझम आहे अशा घरांतले आहेत, आणि तिथे धाकट्या भावंडात तो आढळण्याचे प्रमाण पाचात एकाच्या आसपास असते. हीच चाचणी वडोदऱ्यातल्या कोणत्याही दहा हजार बाळांना लावून पाहू. शंभरात एका मुलाला ऑटिझम असतो असे धरले, तर त्यांतल्या शंभर बाळांपैकी ८८ सापडतील. उरलेल्या ९,९०० निरोगी बाळांपैकी ५ टक्के, म्हणजे ४९५ बाळांवर विनाकारण शिक्का बसेल. एकूण ५८३ घरांत रडारड होईल आणि त्यांतल्या फक्त ८८ घरांत ती खरी ठरेल. सातात सुमारे एक. शिवाय त्या चाचणीला प्रत्येक बाळाचे दोन एमआरआय लागतात, सहाव्या महिन्यात एक आणि बाराव्या महिन्यात दुसरा. संशोधन म्हणून ते मौल्यवान आहे, पण दवाखान्यात मागून घेण्यासारखी तपासणी ती आज नाही, आणि सव्वातीन वर्षांच्या, लक्षणे समोर दिसणाऱ्या मुलाला तर तिचा काहीच उपयोग नाही.

मग या मुलांच्या मेंदूत वेगळे काही नाहीच का? आहे, पण ते आमच्या यंत्राच्या आवाक्याबाहेरच्या पातळीवर आहे. २०१४ मध्ये, मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंच्या अभ्यासात, ऑटिझम असलेल्या ११ मुलांपैकी १० जणांच्या कॉर्टेक्समध्ये पेशींचे थर विस्कटलेले छोटे पट्टे सापडले. त्यांची लांबी ५ ते ७ मिलिमीटर होती, आणि ते दिसले ते विशिष्ट जनुकांच्या खुणा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. जनुकांची गोष्ट त्याहून बोलकी आहे. १६व्या गुणसूत्रावरचा एक ठरावीक तुकडा गळालेला असेल तर डोके मोठे होण्याकडे कल असतो, आणि तोच तुकडा दुप्पट झाला असेल तर लहान होण्याकडे. ऑटिझमची शक्यता मात्र दोन्हींत वाढते. एकाच निदानाच्या दोन मुलांचे मेंदू असे उलट दिशांना गेलेले असू शकतात. त्यांची सरासरी काढली तर उत्तर ‘फरक नाही’ असे येईल, आणि ते दोघांच्याही बाबतीत खोटे असेल. माझ्या मते गेल्या तीस-चाळीस वर्षांतला बराचसा गोंधळ, आपण ऑटिझम हा एकच आजार धरून त्याचा एकच मेंदू शोधत राहिलो, यातून झाला.

तरीही एमआरआय कधीच करू नये असे मी म्हणत नाही. मुलाला फिट येत असतील, शिकलेली भाषा किंवा चालणे हरवत चालले असेल, शरीराची एक बाजू कमजोर असेल, डोक्याचा घेर फारच मोठा किंवा फारच लहान असेल, अंगावर पानाच्या आकाराचे फिकट चट्टे असतील, तर तो जरूर करावा. त्या चट्ट्यांमागे ट्यूबरस स्क्लेरोसिस हा जनुकीय आजार असू शकतो आणि त्यातल्या मेंदूच्या गाठी आम्हाला स्पष्ट दिसतात. यांतले काही नसताना, केवळ ऑटिझम आहे म्हणून सरसकट एमआरआय करू नये, असे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०२० चे मार्गदर्शन सांगते आणि मला ते पटते. तुमच्या नातवाबाबत विचारायचेच असेल तर डॉक्टरांना जनुकीय तपासणीबद्दल विचारा. क्रोमोसोमल मायक्रोॲरे (गुणसूत्रांचे गळालेले किंवा दुप्पट झालेले तुकडे शोधणारी) आणि फ्रॅजाइल एक्स (एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकातला दोष शोधणारी) या तपासण्यांतून कारण सापडण्याची शक्यता दुसऱ्या एमआरआयपेक्षा बरीच जास्त आहे, आणि त्यांना झोपेचे औषध किंवा भूल लागत नाही, रक्ताचा नमुना पुरतो.

अनावश्यक एमआरआयचा तोटा फक्त पैशांचा आणि भुलीचा नसतो, हे मी माझ्याच एका चुकीतून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलीच्या रिपोर्टमध्ये मी लहान मेंदूमागची पाण्याची जागा ‘किंचित मोठी’ असल्याचे लिहिले. कितीतरी निरोगी मुलांत ती तशी असते आणि तिला अर्थ नसतो. पण ‘याला महत्त्व नाही’ हे वाक्य मी लिहिले नाही. ते कुटुंब तो एक शब्द घेऊन अहमदाबाद, मुंबई आणि दिल्ली फिरून आले. वर्ष गेले, आणि त्या वर्षात मुलीची थेरपी सुरूच झाली नाही. आता मी असे काही लिहिले तर पुढच्याच ओळीत त्याचा अर्थही लिहिते.

स्टेम सेल, म्हणजे मूलपेशींच्या, उपचारांच्या जाहिरातींत ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे मेंदूचे रंगीत स्कॅन शेजारी शेजारी छापलेले तुम्हाला दाखवले जातील, म्हणून तेही आत्ताच सांगून ठेवते. एका मुलाचे दोन स्कॅन झोप, औषध आणि वय यांमुळेही वेगळे दिसू शकतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांखेरीज इतर ठिकाणी स्टेम सेल हा संशोधनाचा विषय आहे, विकत घेण्याचा उपचार नाही.

सूनबाईंना कोणीतरी सांगितले आहे की घरात मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि बालवाडीत इंग्रजी, म्हणून मूल गोंधळले. वडोदऱ्यातल्या मराठी घरांत गायकवाडांच्या काळापासून मुले दोन-तीन भाषांत वाढत आली आहेत. भाषांच्या संख्येमुळे ऑटिझम होत नाही आणि दुभाषिक घरातले ऑटिझम असलेले मूल त्यामुळे जास्त मागेही पडत नाही. आजी त्याच्याशी मराठीत बोलतात, ते चालू राहू द्या.

आता करायचे काय ते. एमआरआयची फाइल कपाटात ठेवा. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीही ती निर्णायक नाही. तिथे इसा ही ४० मुद्द्यांची भारतीय मापनपट्टी वापरतात, आणि ती मुलाच्या वागण्यावर चालते, फिल्मवर नाही. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ऑटिझमचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत खर्चाचे संरक्षण मिळते, त्यात थेरपीही येते. आणि एक मोजमाप जरूर करा, त्याला शिंप्याची टेप पुरते : भुवयांच्या वरून आणि मागे जिथे डोके सर्वांत फुगीर आहे तिथून टेप फिरवून घेर तीनदा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा धरा. लसीकरणाच्या कार्डावर जन्माच्या वेळचा आणि पहिल्या वर्षातला घेर लिहिलेला असेल तर तोही शेजारी लिहा. हे तीन-चार आकडे पुढच्या भेटीत बालरोगतज्ज्ञांपुढे ठेवा. जनुकीय तपासणी करायची की नाही आणि कोणती, हे ठरवायला ते त्या फिल्मपेक्षा जास्त कामाला येतील.